शेतमालाच्या वाहतुकीसाठी पिकअप गाडीची निवड

नाशवंत माल पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने शेताचा बांध आणि बाजार समितीचे आवार यांमधील अंतर केवळ किलोमीटरांत मोजून भागत नाही. टोमॅटो, पालेभाजी, फुले यांसारखा माल लिलावाच्या वेळेस पोहोचला तर त्यास एक भाव मिळतो आणि लिलाव उरकल्यावर पोहोचला तर दुसराच. हंगामाच्या भरात भाड्याची गाडी वेळेवर मिळत नाही. मिळालीच तर हुंडेकरी सांगेल ते भाडे द्यावे लागते. यामुळे स्वतःची पिकअप गाडी घेण्याकडे शेतकऱ्यांचा कल वाढला आहे. नारायणगाव, पिंपळगाव बसवंत किंवा लासलगाव येथील बाजारात हंगामात लागणाऱ्या गाड्यांच्या रांगा पाहिल्या म्हणजे याची साक्ष पटते.

मात्र गाडी घ्यावयाची ठरली की घरात आणि पारावर चर्चा होते ती बहुधा एकाच प्रश्नाची : कोणत्या कंपनीची गाडी चांगली? शेजाऱ्याने अमुक घेतली, मेहुण्याने तमुक घेतली, एवढ्यावर सात-आठ लाखांचा व्यवहार ठरतो. वस्तुतः हा प्रश्न शेवटी विचारण्याचा आहे. आपला माल किती व कसा, रस्ता कोणता, वर्षाकाठी खेपा किती, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली पाहिजेत. ती मिळाल्यावर कारखान्याची निवड पुष्कळ सोपी होते. क्रम उलटा झाला तर गाडी अंगणात उभी राहते आणि हप्ते मात्र चालू राहतात.

गाड्यांचे प्रकार व कारखाने

महाराष्ट्रात लहान मालवाहू गाडीस सरसकट ‘टेम्पो’ म्हणतात. हे नाव मूळचे एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो या कंपनीमुळे ते येथे रूढ झाले. या कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स असे बदलले, तरी लोकांच्या तोंडी जुनाच शब्द राहिला. टाटांच्या कारखान्याने १९८८ साली ‘टाटामोबाईल’ ही पिकअप गाडी बाजारात आणली. महिंद्रा कंपनीच्या वाहन व्यवसायाचा पाया मुंबईत विलिस जीपगाड्यांच्या जुळणीने घातला गेला. खडबडीत रस्त्यावर टिकणाऱ्या गाड्यांची ती परंपरा पुढे तिच्या पिकअप गाड्यांत उतरली.

आजच्या गाड्यांचे भारानुसार स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग पाऊण टनाच्या आसपास माल नेणाऱ्या लहान गाड्यांचा. २००५ साली आलेली टाटा एस, म्हणजे लोकांचा ‘छोटा हत्ती’, आणि २०१६ साली आलेली मारुती सुझुकीची सुपर कॅरी या वर्गात मोडतात. अरुंद गल्ल्या, जवळचा बाजार आणि थोडा माल यांस त्या सोयीच्या. दुसरा वर्ग एक ते दीड टनाच्या गाड्यांचा. अशोक लेलँडची २०११ साली आलेली दोस्त, टाटांची २०१९ साली आलेली इन्ट्रा आणि महिंद्रा बोलेरो पिकअपचे काही नमुने या वर्गात येतात. तिसरा वर्ग दीड ते दोन टनांच्या गाड्यांचा. बोलेरो पिकअपचे मोठे नमुने आणि २०२२ साली आलेली टाटा योद्धा २.० या त्यातील होत. यांशिवाय आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे २०१६ पासून तयार होणारी इसुझुची डी-मॅक्सही बाजारात आली.

एकाच नावाखाली निरनिराळ्या भाराचे व निरनिराळ्या लांबीच्या हौद्याचे नमुने विकले जातात, ही गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. म्हणून तुलना करताना केवळ नाव न पाहता नेमका नमुना पाहावा.

वाहनक्षमतेचा हिशेब

विक्रेता जी वाहनक्षमता सांगतो ती सर्व मालासाठी मिळत नाही. गाडीच्या आर. सी. बुकात दोन आकडे असतात : एकूण मान्य वजन व रिकामे वजन. या दोहोंची वजाबाकी म्हणजे वाहनक्षमता. रिकाम्या वजनात चालक व त्याचा सोबती यांचे वजन धरलेले नसते. तेव्हा त्यांचे वजन, तसेच मागाहून हौद्यात घातलेल्या फळ्या, ताडपत्री, दोर व इतर सामान यांचे वजन वाहनक्षमतेतूनच वजा करावे लागते.

उदाहरणादाखल, एखाद्या गाडीचे एकूण मान्य वजन २,८५० किलो व रिकामे वजन १,५५० किलो आहे असे समजावे. कागदोपत्री वाहनक्षमता १,३०० किलो झाली. त्यातून दोन माणसांचे १४० किलो आणि फळ्या, ताडपत्री वगैरेंचे ११० किलो वजा जाता मालासाठी १,०५० किलो उरतात. टोमॅटोच्या एका क्रेटमध्ये २२ किलो माल व रिकाम्या क्रेटचे २ किलो मिळून २४ किलो वजन धरल्यास या गाडीत ४३ क्रेट कायदेशीररीत्या बसतात. घाईघाईने १,३०० ला २२ ने भागणारा शेतकरी मात्र ५९ क्रेटचा हिशेब करतो. या दोन आकड्यांतील १६ क्रेटचा फरक म्हणजेच चुकीची गाडी घेतली जाण्याचे मुख्य कारण होय.

वजनाबरोबर जागेचाही विचार करावा. क्रेट साधारणतः ५४ सेंटिमीटर लांब व ३६ सेंटिमीटर रुंद असते. हौदा २७० सेंटिमीटर लांब व १७० सेंटिमीटर रुंद असेल, तर क्रेट आडवे ठेवून रुंदीत ३ व लांबीत ७ याप्रमाणे एका थरात २१ क्रेट बसतात. दोन थरांत ४२ क्रेट झाले आणि वरील गाडीची मर्यादा तेथेच संपली. तिसरा थर रचण्यास जागा दिसते, परंतु ती मोकळीच ठेवावयाची असते. कांद्याच्या ५० किलोच्या गोण्यांची गोष्ट अशीच आहे. अशा २१ गोण्यांनी १,०५० किलो पुरे होतात आणि हौदा मात्र अर्धा रिकामा दिसतो. याउलट हिरवा चारा, फुले किंवा पालेभाजी यांत वजनापेक्षा जागा आधी संपते. अशा मालासाठी लांब हौदा असलेली गाडी घेणे हितावह ठरते. केवळ अधिक भाराची गाडी घेऊन लाभ होत नाही.

हंगामातील तीन-चार खेपांचे वजन भुईकाट्यावर करून पाहावे. अंदाजापेक्षा काट्याची पावती अधिक विश्वसनीय असते.

कायद्याच्या मर्यादा

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ सालच्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २०,००० रुपये दंड व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये अशी तरतूद आहे. शिवाय जादा माल उतरविण्याचा खर्च गाडीमालकाकडेच येतो. एका दंडात कित्येक खेपांची बचत निघून जाते.

ज्या मालवाहू गाडीचे एकूण मान्य वजन ३,००० किलोपेक्षा अधिक नाही, तिला कायद्याच्या ६६ व्या कलमानुसार वेगळा परवाना लागत नाही. त्याहून जड गाडी घेणाराने परवान्याचा खर्च व खटाटोप हिशेबात धरावा. चालकाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली निर्णय दिला व नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने तो कायम केला. त्यानुसार हलक्या मोटार वाहनाचा परवाना असणाऱ्यास ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्याही चालविता येतात. मालवाहू गाडीच्या योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी करावे लागते.

आणखी एका गोष्टीची येथे स्पष्ट जाणीव दिली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी हीच गाडी मजुरांची ने-आण करण्यासाठी वापरली जाते. मालाच्या गाडीचा विमा हौद्यात बसलेल्या प्रवाशांसाठी नसतो. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी एवढ्यांपुरतेच कायद्याने संरक्षण दिले आहे. अपघात झाल्यास मजुराच्या कुटुंबास द्यावयाच्या भरपाईचा बोजा गाडीमालकाच्या जमिनीपर्यंत पोहोचू शकतो. ‘माणसेही बसतील’ या विचाराने मोठ्या हौद्याची गाडी निवडू नये.

रस्ता, घाट व यंत्र

सपाट डांबरी रस्त्यावर बहुतेक सर्व गाड्या समाधानकारक चालतात. गाडीची खरी परीक्षा शेतापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या वाटेवर आणि घाटात होते. जुन्नर भागातून माळशेज घाटाने कल्याणकडे अथवा नाशिक भागातून कसारा घाटाने मुंबईकडे माल नेणाऱ्याने इंजिनाच्या अश्वशक्तीपेक्षा कमी फेऱ्यांवर ते किती ओढ देते हे पाहावे. अश्वशक्तीवरून वेगाचा अंदाज येतो. भरलेली गाडी चढावर थांबवून पुन्हा उचलावयाची असता उपयोगी पडते ती ओढ. दोन कारखान्यांची पत्रके शेजारी ठेवून ही ओढ किती फेऱ्यांना मिळते हा आकडा अवश्य ताडून पाहावा.

शेतवाटेसाठी जमिनीपासून गाडीच्या पोटाची उंची, टायरचा आकार आणि गाडी वळण्यास लागणारी जागा या बाबी महत्त्वाच्या आहेत. मागच्या चाकांवर चालणारी गाडी रिकामी असता पावसाळ्यात चिखलात चाके फिरवीत राहते, कारण मागच्या चाकांवर वजन नसते. काळ्या जमिनीतील शेतकऱ्याने रिकामी गाडीही ओल्या वाटेवर चालवून पाहावी.

चाचणीच्या वेळी विक्रेता रिकामी गाडी पक्क्या रस्त्यावर फिरवून आणतो. त्यावरून काहीच कळत नाही. शक्यतो नेहमीचा भार घालून, नेहमीच्या चढावर गाडी चालविण्याचा आग्रह धरावा. ते शक्य नसेल तर तोच नमुना दोन-तीन वर्षे वापरणाऱ्या शेतकऱ्याकडे जाऊन भरलेल्या गाडीतून एक खेप करावी.

भार वाढविण्यासाठी स्प्रिंगला जादा पाटे बसविण्याची व फाळका उंच करण्याची पद्धत सर्रास आढळते. जादा पाट्यांनी स्प्रिंग वाकत नाही, परंतु ब्रेक, ॲक्सल, चाकांचे बेअरिंग व टायर पूर्वीचेच राहतात. उतारावर त्यांच्यावर असह्य ताण पडतो आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर लागेनासे होतात. शिवाय कारखान्याची हमीही अशा बदलाने धोक्यात येते. अधिक माल नेणे असेल तर वरच्या वर्गातील गाडी घ्यावी, अथवा दोन खेपा कराव्यात.

इंधन

डिझेल, पेट्रोल, सी.एन.जी. व वीज अशी चार प्रकारची इंधने या गाड्यांत आढळतात. लांब पल्ला व जड भार यांसाठी डिझेल अद्याप सोयीचे ठरते. तथापि १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस. ६ मानकामुळे डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी आली आहे. अडकलेली काजळी धूर पुरेसा तापल्यावरच जळते व त्यासाठी गाडी काही काळ सलग चालावी लागते. रोज चार-पाच किलोमीटरांच्या तुटक फेऱ्या करणाऱ्या गाडीत ही गाळणी तुंबते. तिचा दिवा लागल्यास दुर्लक्ष करू नये. दूध संकलन केंद्रापर्यंतच्या आखूड खेपांसाठी म्हणूनच पेट्रोल किंवा सी.एन.जी. गाडीचा विचार करावा.

सी.एन.जी. गाडी घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. वायूच्या टाक्यांचे वजन गाडीच्या रिकाम्या वजनात भर घालते व तेवढी वाहनक्षमता घटते. तसेच पंप नेहमीच्या मार्गावर असावा आणि तेथील रांग लिलावाची वेळ चुकविणारी नसावी. विजेच्या गाडीत इंधनाचा खर्च कमी येतो. परंतु एका भरणीत भरलेल्या गाडीने जाऊन-येऊन होणारे अंतर आणि शेतावरील वीजपुरवठ्याच्या वेळा यांचा मेळ बसतो किंवा नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

गाडी परवडते केव्हा?

पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. शेतकऱ्याने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत. ८ लाख रुपयांचे कर्ज १० टक्के व्याजाने ५ वर्षांत फेडावयाचे तर मासिक हप्ता सुमारे १७,००० रुपये येतो. विमा, कर, योग्यता प्रमाणपत्र इत्यादींसाठी दरमहा ३,५०० रुपये धरले तर गाडी उभी राहिली तरी वर्षाला २,४६,००० रुपये खर्च होतात. बाजार ६० किलोमीटरांवर असेल तर एका खेपेस जाऊन-येऊन १२० किलोमीटर होतात. लिटरला १२ किलोमीटर या हिशेबाने १० लिटर डिझेल लागेल. ९० रुपये दराने त्याचे ९०० रुपये, आणि टायर, तेल व दुरुस्तीचे किलोमीटरला २ रुपयांप्रमाणे २४० रुपये मिळून खेपेचा चालू खर्च १,१४० रुपये होतो. गाडी शेतकरी स्वतः चालवितो असे येथे गृहीत धरले आहे.

वर्षाला केवळ ४० खेपा झाल्या तर एका खेपेचा एकूण खर्च ७,२९० रुपये पडतो. ४२ क्रेटमधील सुमारे सव्वानऊ क्विंटल मालावर तो क्विंटलला सुमारे ७९० रुपये झाला. २०० खेपा झाल्या तर खेपेस २,३७० रुपये, म्हणजे क्विंटलला सुमारे २५६ रुपये पडतात. याच खेपेस भाड्याची गाडी ३,५०० रुपयांत मिळत असेल, तर भाड्याचा दर क्विंटलला सुमारे ३८० रुपये होतो. वर्षाला साधारण १०५ खेपा झाल्या तरच या उदाहरणातील स्वतःची गाडी भाड्याच्या गाडीची बरोबरी करते.

कर्ज फिटल्यावर गाडीची काही किंमत हाती राहते, हे खरे. ती वरील हिशेबात धरलेली नाही. परंतु हप्ता दरमहा द्यावयाचा असतो आणि विक्रीची किंमत पाच वर्षांनी यावयाची असते. दोन-तीन एकर टोमॅटो वा कांदा पिकविणाऱ्या एकट्या शेतकऱ्याच्या १०५ खेपा क्वचितच होतात. उरलेल्या खेपा शेजाऱ्यांचा माल, खते किंवा चारा वाहून भरून निघतील काय, हे आगाऊ ठरले पाहिजे. तसे होणार नसेल तर चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून, अथवा गावातील शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावे, एक गाडी घ्यावी. खेपांची पाळी व खर्चाची वाटणी मात्र लेखी ठेवावी. तोंडी करार हंगामाच्या गर्दीत टिकत नाहीत.

कारखान्याची निवड

वरील उत्तरे मिळाली की बहुधा दोन किंवा तीन नमुने उरतात. आता कारखान्यांची तुलना करण्याची वेळ आली. ती पुढील बाबींवर करावी.

(१) अधिकृत दुरुस्ती केंद्र : ते किती अंतरावर आहे व हंगामात गाडी किती दिवसांत परत मिळते, याची चौकशी विक्रेत्याकडे न करता तेथे उभ्या असलेल्या गाड्यांच्या मालकांकडे करावी. तोडणीच्या दिवसांत आठ दिवस अडकलेली गाडी ही कमी किमतीत मिळालेल्या गाडीचा सारा लाभ घालविते.

(२) सुटे भाग : क्लच प्लेट, ब्रेक लायनर, गाळण्या, पुढची काच व दिवा यांच्या किमती प्रत्येक कारखान्याच्या दुकानातून लिहून आणाव्यात. ते तालुक्याच्या गावी मिळतात की जिल्ह्याला जावे लागते, हेही विचारावे.

(३) स्थानिक कारागीर : ज्या गाड्या परिसरात अधिक आहेत, त्यांची दुरुस्ती जाणणारे कारागीरही अधिक असतात. शेजाऱ्याची गाडी पाहून गाडी घेण्यात एवढा एक शहाणपणाचा भाग आहे.

(४) हमी : वर्षे आणि किलोमीटर यांपैकी जे आधी पुरे होईल तेथे हमी संपते. वर्षाला किती किलोमीटर होणार हे काढल्यावाचून दोन हमींची तुलना करता येत नाही. इंजिन, विजेचे भाग व बॅटरी यांच्या हमीच्या मुदती वेगळ्या असू शकतात.

(५) पुनर्विक्री : त्याच नमुन्याच्या पाच वर्षे जुन्या गाडीस तालुक्यात काय किंमत येते, हे पाहावे. खरेदीच्या वेळची तीस-चाळीस हजारांची सूट पुनर्विक्रीत सहज नाहीशी होते.

या पाचही बाबींत सर्व जिल्ह्यांत एकच कारखाना वरचढ ठरेल असे नाही. एका तालुक्यात जी गाडी सर्वांत सोयीची, तीच शेजारच्या तालुक्यात दुरुस्ती केंद्राअभावी गैरसोयीची असू शकते.

जुनी गाडी घेताना

खेपा शंभरापेक्षा कमी व कर्ज घेण्याची तयारी नसेल तर तीन-चार वर्षे वापरलेली गाडी घेणे गैर नाही. मात्र आर. सी. बुकावर बँकेचा बोजा शिल्लक नाही, विमा व योग्यता प्रमाणपत्र चालू आहे आणि दंडाची रक्कम थकलेली नाही, याची खात्री परिवहन कार्यालयाच्या नोंदीवरून करावी. चासीवर वेल्डिंगच्या खुणा, स्प्रिंगला जादा पाटे आणि मागच्या टायरांची असमान झीज दिसल्यास गाडीने जादा भार वाहिला आहे असे समजावे. अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी सोडून द्यावी.

विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी शेतकऱ्याने एका कागदावर पाच आकडे लिहून न्यावेत : एका खेपेच्या मालाचे काट्यावरचे वजन, क्रेट वा गोण्यांची संख्या, बाजाराचे अंतर, वर्षातील खेपा आणि सध्याचे भाडे. या आकड्यांत बसणारी गाडी कोणत्याही कारखान्याची असली तरी ती योग्य गाडी होय. आकडे बसत नसतील तर भाड्याची गाडी चालू ठेवणे यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. वाचलेला हप्ता ठिबक संचाच्या दुरुस्तीस किंवा कांदाचाळीस लावला, तर मालाची प्रत सुधारून त्याचा मोबदला लिलावात मिळतो.